अण्णांचे रविवार

रविवार, १६ नोव्हेंबर, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. इंदापूरच्या घरातील मधल्या खोलीत अण्णांचा श्वास थांबला, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मोजमापाची उपकरणे तपासणे आणि त्यांच्यातील चूक किती हे ठरवून देणे हा माझा व्यवसाय आहे. वेळ पाहून ठेवणे ही त्यातून लागलेली सवय. मग अकलूजच्या मामांना फोन लावावा म्हणून मी पडवीत आले, तर आई आधीच तेथे उभी राहून फोनवर बोलत होती. "शीतल, बाळा... सर गेले." एवढेच म्हणून तिने फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात आईने आपल्या नवऱ्याचा उल्लेख 'हे' याखेरीज केलेला मी ऐकला नव्हता. त्या पहाटे ती 'सर' म्हणाली, कारण जिला ती पहिली बातमी देत होती तिचे ते सर होते. पहिली बातमी आईच्या सख्ख्या भावाला नव्हती. ती बारामतीच्या शीतलला होती. वडील जाऊन पाच मिनिटेही झाली नव्हती आणि माझ्या मनात सर्वांत आधी जे उमटले, ते दुःख नव्हते.

साडेआठपर्यंत अंगण भरले. पणदरे, कोऱ्हाळे, मोरगाव, कुठून कुठून अण्णांच्या संघांतल्या 'मुली' आल्या होत्या. यांतल्या काहींच्या कडेवर लेकरे होती, एकीच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता, एकीचे केस पांढरे व्हायला लागले होते. तरी अण्णांच्या हिशेबी त्या मुलीच. बास्केटबॉल खेळलेल्या बायका, त्यामुळे बहुतेकींची उंची माझ्याहून वीतभर जास्त. माझ्याच वडिलांच्या पायांपर्यंत पोहोचण्यासाठी मला त्यांच्या पाठींमधून वाट काढावी लागत होती. मध्येच थांबले असताना सध्याच्या संघातल्या एका कोवळ्या मुलीने डोळे पुसत मला विचारले, "तुमी सरांच्या कोन?"

"मुलगी," मी म्हणाले.

तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आमी पन."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच सांत्वन करायचे होते. परंतु आता, काही आठवड्यांनी हे लिहायला बसल्यावर, मला स्पष्ट दिसते की मी लहानपणापासून ज्या दाव्याविरुद्ध मनात भांडत आले, तो तिने दोन शब्दांत मांडला होता.

अण्णा मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरी ऊस, भाऊ शेतीत, आणि हा एकटा उंच मुलगा खेळामुळे शिकला. बारामतीच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण विभागात लागला आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिला. आई इंदापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांच्या नोकऱ्या दोन गावांना, म्हणून घर इंदापुरात आणि अण्णांची एक भाड्याची खोली बारामतीत. सोमवारी पहाटेच्या एसटीने ते जायचे आणि शनिवारी संध्याकाळी परतायचे, अशी मूळ योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. आठवड्याचे सहा दिवस महाविद्यालयाचे, एक आमचा. प्रत्यक्षात आंतरमहाविद्यालयीन सामने रविवारी येत, सामने नसले की सराव रविवारी असे, आणि सराव नसला की मैदान रविवारी दुरुस्त करावे लागे. ते मैदान तेव्हा मुरमाचे होते. पाणी मारून, रूळ फिरवून, पांढऱ्या फक्कीने रेषा आखायचे काम अण्णा स्वतः करत. शिपायाने आखलेली रेषा त्यांना चालत नसे. मी चौथीत असताना एका रविवारी आईबरोबर बारामतीला गेले होते. दोरी धरायला मी पुढे झाले, तर म्हणाले, "तू सावलीत बस, पोरी. पाय पांढरं हुतील." दोरीचे दुसरे टोक त्यांनी संघातल्या एका मुलीच्या हाती दिले. तिचेही पाय पांढरे झालेच की... पण तिचे चालत होते.

संघ जिंकला की सगळ्यांना जीपमध्ये कोंबून ते इंदापूरला जेवायला आणत. आई न कुरकुरता पिठले आणि भाकरी करी. त्या मुली अण्णांची नक्कल अण्णांसमोर करत. एकदा एकीने मला मांडीवर ओढून घेत विचारले, "सर, तुमची पोरगी लई हुशार हाय म्हणं?"

"व्हय, हुशार हाय," अण्णा म्हणाले. "पन उंची आईवर गेलीया. आमच्या कामाची न्हाय."

सगळ्या हसल्या. आईही हसली. मी शिष्यवृत्ती परीक्षेत तालुक्यात पहिली आल्याचे त्यांना सांगण्यासाठी शनिवारपासून थांबले होते. ते मी सांगितलेच नाही. पुढे आईने कळवले तेव्हा अण्णांनी माझ्यासाठी पेनाचा संच आणला. पेने चांगली होती.

शीतल आली तेव्हा मी नववीत होते. ती पणदऱ्याची, घरी दुभती जनावरे. अण्णांनी तिला प्रथम पाहिले ते गावच्या दूध संकलन केंद्रावर. ते तिकडे कोणाची तरी वाट बघत उभे असताना टेम्पोवरून दुधाच्या कॅनचे झाकण निसटले आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या या मुलीने, आवाजावरून वळून, ते हवेतल्या हवेत झेलले. हा प्रसंग अण्णा इतक्यांदा सांगत की त्याची प्रत्येक आवृत्ती मला पाठ आहे. झाकण दर वर्षी थोडे अधिक उंचावरून पडत असे. त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी जाऊन बसले. तिचे वडील म्हणाले, "सर, पोरगी खेळाया गेल्यावर धारा कोन काढनार?" अण्णा म्हणाले, "सकाळची काढून यील. संध्याकाळच्या धारंला घरी पोचवायची जबाबदारी माजी, तात्या." आणि त्यांनी ती पाळली. शीतल महाविद्यालयात होती तोवर संध्याकाळचा सराव तिच्यापुरता लवकर संपे आणि अण्णा स्वतःच्या गाडीवरून तिला पणदऱ्याला सोडून पुन्हा मैदानावर येत. पावसात, उन्हात, सण असो वा नसो. तिच्या घरच्या गाईंची नावे त्यांना ठाऊक होती. कोणती व्यायली, कोणती मारकी, हेही. मी कोणत्या तुकडीत आहे, हे मात्र त्यांना दर वर्षी आईला विचारावे लागे. शीतल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मी एकदाही ताई म्हटलेले नाही.

मी बी.एस्सी.साठी बारामतीचे तेच महाविद्यालय निवडले, पुण्यात प्रवेश मिळत असताना. आईला मी विज्ञान विभागाच्या प्रयोगशाळेचे कारण दिले. प्रयोगशाळा चांगली होतीही. परंतु मूळ गणित साधे होते: अण्णा आठवड्याचे सहा दिवस जेथे असतात तेथे आपण असावे. इंदापूरला असताना मी घराच्या मागे लोखंडी कडे ठोकून वर्षभर एकटीने नेम धरला होता, त्यामुळे उंचीची उणीव भरून निघेल असा माझा अंदाज होता. सरावात तो खरा ठरला. लांबून माझ्याइतका अचूक चेंडू त्या वर्षी कोणी टाकत नव्हते. हे मी अभिमानाने सांगत नाही, बाकीच्या मुलीही ते मान्य करत.

संघ निवडण्याची अण्णांची पद्धत इतर कोणाचीही नव्हती. शिबिराच्या शेवटच्या दिवशी ते सगळ्या मुलींना मैदानाच्या मधल्या वर्तुळावर गोल बसवत आणि म्हणत, "गुन बरोबरीत हायती. दोन मिंटं ऱ्हायल्यात. तू मैदानात हायस. बाकी चौघी कोन?" प्रत्येकीने मोठ्याने चार नावे घ्यायची. मैत्री, जात, गाव, सगळे त्या मैदानावर उघडे पडे, म्हणून कोणी सहसा खोटे बोलत नसे; खोटे बोलले तर हरायचे आपल्यालाच आहे, हे सर्वांना कळे. ज्यांची नावे अधिक येत त्या संघात. अण्णा स्वतः एकही नाव घेत नसत. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी एक अतिशय संवेदनशील उपकरण तयार केले होते आणि त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्या वर्षी पहिल्या मुलीने पहिले नाव माझे घेतले. दुसरीने माझे. तिसरीनेही. प्रत्येकीच्या चारांमध्ये मी होते आणि पहिली होते. मला वाटले, माझे सारे कष्ट एकाच दुपारी फळाला येत आहेत. अण्णांचा चेहरा मात्र उतरत गेला. शीतलची पाळी आली. तिने चार नावे घेतली. त्यांत मी नव्हते.

अण्णा उठले. "हितं कोन कुनाला भितंय?" त्यांनी विचारले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जरा खांबापाशी जाऊन बस." मी बसले. माझ्यावाचून दुसरी फेरी झाली आणि त्या फेरीतून संघ ठरला. घरचे माणूस संघात घ्यायचे नाही, हा नियम त्याच दुपारी तयार झाला आणि पुढे कधी बदलला नाही.

त्या मुलींचा हेतू वाईट नव्हता. सरांना बरे वाटावे म्हणून त्यांनी सरांच्या मुलीला पुढे केले, आणि त्यांच्या त्या आदरानेच मला बाहेर काढले. खोलीवर परतल्यावर अण्णांनी स्वतः वाढून माझ्यापुढे ताट सरकवले. म्हणाले, "तुज्यामुळं माजं माप बिघाडलं, पोरी."

"माझा नेम चुकतो का?" मी विचारले.

"न्हाय. नेम चांगलाच हाय. पन त्यांनी तुजं नाव घेतलं का माजं, ह्ये मला कसं कळावं?"

या प्रश्नाचे उत्तर आज माझ्याकडे आहे, आणि ते त्यांच्याच बाजूचे आहे: दूषित निरीक्षणे टाकून द्यावीच लागतात. परंतु टाकून दिलेले निरीक्षण जेव्हा एक अठरा वर्षांची मुलगी असते, तेव्हा शास्त्र पुरे पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी शीतलला गाठले. तू माझे नाव का घेतले नाहीस, असे सरळ विचारले. ती पाण्याच्या टाकीपाशी हातपाय धूत होती. "तू टाकतीस झ्याक," ती म्हणाली. "पन निकराच्या वक्ताला तू बॉल दुसरीला देत न्हाईस. एकदा हातात आला की तुजाच." म्हणजे त्या साऱ्या वर्तुळात एकच निरीक्षण शुद्ध होते आणि ते माझ्या विरोधात होते. अण्णांनी तिला का निवडले हे मला त्या क्षणी समजले. समजल्यामुळे मत्सर कमी होतो असे म्हणतात... माझा झाला नाही. निराधार मत्सर निदान झटकून तरी टाकता येतो.

मी खेळ सोडला, पदवीनंतर पुण्याला गेले, आणि ज्या क्षेत्रात कोणी माझ्या वडिलांना ओळखत नाही असे क्षेत्र शोधले. तेथे माझे बरे चालले आहे. शीतल पुढे विद्यापीठाच्या संघातून खेळली, आणि अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून उभी राहिली. निरोपसमारंभात अण्णा फार थोडे बोलले. "ट्रॉफ्या कपाटात हायत्या. माज्या मुली तेवढ्या भायेर हायत्या," असे म्हणून बसले. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या रांगेत आई माझ्या कानाशी म्हणाली, "आता तरी रविवार आपले गं." आई तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवून आशावादी राहिलेली बाई आहे. पुढचा रविवार उजाडला आणि अण्णा डबा घेऊन एसटी स्थानकावर गेले. शीतल नवी आहे, तिला मैदान आखायला मदत हवी, असे कारण होते. नंतर कारण सांगणेही बंद झाले.

ते थांबले ते हृदयाने थांबवले म्हणून. या वर्षीच्या उन्हाळ्यात बारामतीच्या वाटेवर निमगाव केतकीपर्यंत जाऊन त्यांना बसमधून उतरवून आणावे लागले. हृदयाचे स्नायू थकले आहेत, आता घरीच सांभाळायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. मी पुण्याच्या नोकरीतून रजा घेऊन इंदापूरला आले. औषधे, वजन, पाण्याचे प्रमाण, बोटाला ऑक्सिमीटर लावून सकाळ-संध्याकाळ नाडी, सगळे मी पाहू लागले. माझ्या आयुष्यात प्रथमच अण्णा सातही दिवस घरी होते. परंतु बारामतीला जाणे बंद झाले म्हणून रविवार बंद झाले नाहीत. बारामतीच इंदापूरला येऊ लागली. दर रविवारी सकाळी शीतल चार-पाच मुलींना घेऊन येई, कालच्या सामन्यात कोण कुठे चुकले ते सांगे, आणि अण्णा उशीला टेकून बसत, हातवारे करत, "आरं, तिला डावीकडनं का न्हाय सोडली?" म्हणून ओरडत. त्या गेल्यावर मी नाडी घेई. ती नव्वदीच्या पुढे असे. इतर सहा दिवस, मी खुर्ची ओढून शेजारी बसलेली असताना, ती सत्तरच्या आतबाहेर शांतपणे चाललेली असे. औषधे तीच, बिछाना तोच, माणूस तोच. बदलणारी गोष्ट एकच होती.

मी तो आलेख डॉक्टरांना दाखवला. रविवारच्या भेटी बंद करण्यास वैद्यकीय आधार मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "आनंदाने एवढे वाढले तर वाढू देत. त्यांना आता अपाय व्हायचा तो याने होणार नाही." म्हणजे आधार मिळाला नाही. मी पडवीत शीतलला एवढेच सांगितले, की अण्णा थकतात, थोडे कमी बसत जा. तिने चपला घालता घालता माझ्याकडे पाहिले.

"अश्विनी, एक इचारू? तुज्याजवळ सर काय बोलत्यात?"

"काही नाही. गप्प असतात."

"आमच्याजवळ सर कंदी गप बसलंच न्हाईत," ती म्हणाली. "येक दिस न्हाय. आमाला वाटायचं, घरी लेकीपाशी कसं बसत असत्याल... मला लई हेवा वाटायचा तुजा."

ती हे खरेपणाने म्हणाली. खोटे बोलणे तिला जमत नाही, हे मी मैदानावर पाहिले होते. पण त्याने माझे समाधान झाले नाही. तिला माझ्या वाट्याची शांतता हवी होती. मला ती नको होती. मला ते नव्वद हवे होते. कोणीतरी आल्यावर अण्णा उशीवरून उठून बसतात, ते कोणीतरी मला व्हायचे होते.

वैद्यकीय कारण उरले नव्हते, तेव्हा उरलेले कारण मी अण्णांपुढे तसेच ठेवले. गुरुवारी दुपारी, आई शेजारी गेलेली असताना. "अण्णा, एक रविवार मला द्या. मुलींना येऊ नका म्हणून सांगा."

त्यांनी पंख्याकडे पाहिले. "मग रविवारी मी काय करू?"

"माझ्याशी बोला."

"काय बोलू?" त्यांनी विचारले. चेष्टेने नव्हे. त्यांना खरोखर माहीत नव्हते. मी उठून औषधाचे पाणी आणायला गेले आणि तो विषय तेथेच राहिला. शुक्रवारही तसाच गेला.

शनिवारी, १५ नोव्हेंबरला, संध्याकाळी मी त्यांची नाडी घ्यायला गेले, तेव्हा ते फोनवर बोलत होते. "शीतल, उद्या येऊ नगा. न्हाय न्हाय, तब्येत झ्याक हाय... माज्या पोरीला सुट्टी हाय." पलीकडून ती काही म्हणाली असावी, ते हसले. फोन ठेवून त्यांनी मला बसायची खूण केली. पुण्यात तू नेमके काय करतेस हे मला कोणी विचारले तर सांगता येत नाही, असे म्हणाले. लोकांना ते 'काटे तपासती' एवढेच सांगत आले होते.

"उद्या मला ते नीट समजावून सांग. पयल्यापास्नं. मला गणित येत न्हाय, ते धरून सांग." आणि मग, मैदानावरच्या आवाजात, "सकाळी सहाला बसू. उशीर चालनार न्हाय."

"बरं," मी म्हणाले. ते उशीवरून उठून सरळ बसले होते आणि बोट पुढे करून माझ्याकडे बघत होते. मी ऑक्सिमीटर लावला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले, आणि तारीख-वेळेसह नोंद केली. नाडी, मिनिटाला चौऱ्याण्णव.